केरबाची अस्सल पदवी

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेलं तंतोतंत ऐकायचं, एवढाच काय तो त्याचा दोष.

त्याला गोजराआत्याने वाढवलं होतं. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण केरबा मोठी पदवी घेणार म्हणून ती रोज पाटीवर एकच शब्द गिरवायची : केरबा. पदवीच्या कागदावर तेवढं नाव आपलं आपण वाचायचं, मग डोळे गेले तरी चालतील, असं ती म्हणे. कागद टांगायला तिने भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

"शहरात गेलास की छोट्या रांगेत उभा राहा रे," निघताना तिने बजावलं.

विद्यापीठात सगळ्यात छोटी रांग प्राचीन ग्रीस आणि रोमच्या विभागापुढे होती. तिथे कुणीच नव्हतं. केरबा तिथे उभा राहिला. विभागाच्या वर्तकबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली.

"पदवीला काय काय लागतं, बाई?"

"दोन मेलेल्या भाषा, एक प्रबंध आणि तोंडी परीक्षा."

"मेलेली भाषा बोलायची कुणाशी?"

"कुणाशीच नाही."

"मग चुकली तर कळणार कुणाला?"

"आम्हाला," बाई म्हणाल्या. विभागात बाई धरून तिघं प्राध्यापक होते आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

पहिल्या परीक्षेत भाषांतराला ग्रीक उतारा आला. राजा लढाईला निघतो आणि पुढचं पान फाटलेलं. केरबाने राजाला वाटेत पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि रात्री गोजराआत्याकडे मुक्कामाला आणलं.

"अहो, पदरचं काही घालायचं नसतं!" बाई ओरडल्या. "फाटलं असेल तिथे टिंबं द्यायची."

"बरं, बाई."

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायला बसला. शाळेच्या दाखल्याचा नावाकडचा कोपरा उंदराने खाल्ला होता. केरबाने नावाच्या जागी लिहिलं : के……

"हे काय?" कारकून म्हणाला.

"पुढचं फाटलंय, साहेब."

"अरे, स्वतःचं नाव ठाऊक नाही? नसेल ठाऊक तर चारजणांना विचारावं. जास्त जण म्हणतील ते धरावं!"

"बरं, साहेब."

मग सहा वर्षं तो प्रबंध लिहीत बसला. विषय होता रोमन लोकांच्या चपलांचे बंद. नियमाप्रमाणे तीनशे पानं हवी होती. बंद काही तेवढे लांब नव्हते, पण केरबाने ताणले. गावाकडे आत्याचा चष्मा जाड होत गेला.

तोंडी परीक्षेला तिघं प्राध्यापक समोर बसले.

"रोमचं साम्राज्य का पडलं? तुमचं मत सांगा."

"थांबा हं," म्हणून केरबा बाहेर गेला. जरा वेळाने परत आला.

"शिपाई आणि कँटीनवाले म्हणतात, पाया कच्चा होता. माळीबुवा म्हणतात, पाणी मुरलं. चौथ्याला पडल्याचंच ठाऊक नव्हतं, त्याला फार वाईट वाटलं. म्हणजे पाया कच्चा."

तिघांत याच गोष्टीवरून तीस वर्षं भांडण चालू होतं. पायाच्या बाजूने दोघं होते. केरबा बहुमताने पास झाला.

बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "पास झालात, पण पुन्हा असं नका करू. चारजणांचं कशाला धरायचं? मूळ काय ते बघावं. मागाहून दुसऱ्याच्या हातचं घुसलेलं असेल, ते खरवडून काढावं. उरतं ते अस्सल."

"बरं, बाई."

पदवी घेऊन केरबा एसटीने गावी आला. अंगणात शेजारीपाजारी जमले होते. आत्याने चष्मा पदराने पुसला, कागद मांडीवर घेतला आणि बोट फिरवायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा एकदा वरून खाली.

"केरबा, लेका," ती हळूच म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय बघ. तुझं नाव काही सापडेना."

"सापडेल कसं, आत्या?" केरबा म्हणाला. "सगळा कागद छापलेला, आणि नाव तेवढं मागाहून कुणीतरी शाईने घुसवलेलं. कुलगुरूंची सहीसुद्धा तसलीच. मी एसटीत बसल्या बसल्या दोन्ही ब्लेडने खरवडली आणि तिथे नीट टिंबं दिली. आता अगदी अस्सल झालीय. आण इकडे, खिळ्याला लावतो!"