ढवळीचे ब्रेक

गाड्या बोलत असत त्या काळातली ही गोष्ट. आजऱ्याच्या हौसाक्काकडे ढवळी नावाची पांढरी पिकअप होती. अक्का तिच्यातून रोपं भरून घाटाखालच्या बाजाराला न्यायची आणि तिची दुरुस्तीही स्वतःच करायची.

एकदा ढवळीचे ब्रेकपॅड झिजत आले. पॅडवर पत्र्याची एक चिमुकली पट्टी असते. पॅड पातळ झाला की चाकाच्या डिस्कला घासून ओरडायचं, एवढंच तिचं काम. ती तोंड उघडणार तोच ढवळी म्हणाली, "गप गं! घरात लेक बाळंतीण आहे. अक्काच्या डोक्याला आणखी ताप नको."

"मी गप्प बसले तर तिला कळणार कसं?"

"मी सोसते की."

पट्टी बिचारी अंग चोरून राहिली.

सव्वा महिन्यानं अक्का लेकीला सासरी पोचवायला निघाली. लेक बाळाला घेऊन शेजारी बसली. बाळाची इवलीशी मूठ दाराला टेकली. पुढे अख्खा घाट होता.

"ओरड गं बाई, ओरड!" ढवळी पट्टीला म्हणाली.

फाटकाशी अक्कानं ब्रेक दाबला, तशी कर्कश किंकाळी उठली. अक्का उतरली, जॅक लावून तिनं चाक काढलं. पॅड नखाएवढा पातळ झाला होता.

"किती दिवस सोसलंस गं?" ती चाकाशी बसूनच म्हणाली. "मला नाही सांगायचं, तर कुणाला?"

तिनं पुढच्या दोन्ही चाकांना नवे पॅड बसवले, अंगणात गाडी फिरवून पाहिली, मगच निघाली. घाटातल्या वळणांवर ढवळी इतक्या अलगद वेग आवरत गेली, की बाळाची झोप एकदाही मोडली नाही.