झुपकीचा शेंगदाणा

अंगणात एक खार होती. शेपूट झुपकेदार, म्हणून नाव झुपकी. भारी हट्टी!

रोज दुपारी तात्या जेवायचे. मग अंगणात फेऱ्या मारायचे. चटक चटक चटक. झुपकीला एक शेंगदाणा द्यायचे.

आज तात्या आलेच नाहीत. शेंगदाणा नाही. झुपकीला रडू आलं. पण रडून शेंगदाणा मिळतो का? ती निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

तात्या जेवून लगेच आडवे झाले होते.
"तात्या तात्या, अंगणात चला."
"कसा चालू? छातीत जळजळ, घशात आंबट. पोट निवेल, तर मी चालेन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"पोटा पोटा, निवून जा.
पोट निवेना,
तात्या चालेनात,
मला शेंगदाणा मिळेना."
पोट म्हणालं, गुडगुड. "कसं निवू? वरून भजी, भजीवर भजी. माई थांबेल, तर मी निवेन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"माई माई, वाढू नकोस.
माई थांबेना,
पोट निवेना,
तात्या चालेनात,
मला शेंगदाणा मिळेना."
माई म्हणाली, "कशी थांबू? आग्रह नको का करायला? हात ताटावर आडवा येईल, तर मी थांबेन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"हाता हाता, आडवा ये.
हात येईना,
माई थांबेना,
पोट निवेना,
तात्या चालेनात,
मला शेंगदाणा मिळेना."
तात्यांचा हात म्हणाला, "कसा येऊ? जीभ म्हणते, अजून एक. जीभ 'पुरे' म्हणेल, तर मी येईन."

तुरुतुरु तुरुतुरु.
"जिभे जिभे, पुरे म्हण.
जीभ बोलेना,
हात येईना,
माई थांबेना,
पोट निवेना,
तात्या चालेनात,
मला शेंगदाणा मिळेना."
जीभ म्हणाली, "कशी म्हणू? तो शब्द मला येतच नाही."

झुपकी म्हणाली, "एवढंच ना? मी शिकवते. ओठ जुळव, पु. ओठ उघड, रे."
"पु," जीभ म्हणाली. "पु... पु..."
तुम्ही पण म्हणा बरं. तिला मदत होईल.
"पु... रे. पुरे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट मांडलं. माईने वरणभात वाढला. एक भजं वाढलं. मग म्हणाली, अजून घ्या, अजून घ्या.

जीभ म्हणाली, पुरे.
हात आला आडवा, झप्पकन.
माई थांबली. जराशी रुसली, मग हसली.
पोट निवलं, गारेगार.
तात्या आडवे झाले नाहीत. उठले आणि चपला घातल्या. चटक चटक चटक.

आणि झुपकीला मिळाला तिचा शेंगदाणा. तिने बसून खाल्ला, हळूहळू. कुटुक कुटुक कुटुक.

तात्या खूश झाले. "घे, अजून एक."
झुपकीने पंजा आडवा धरला.
"पुरे. उद्याचा उद्या."

आपली गोष्टही आता पुरे.