राजाची तार आणि धुरपाची चिंधी

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात खुर्च्या पिकवणारा एक माळी होता. हो, पिकवणाराच. सुतार लाकूड कापून खुर्ची करतो. म्हाळू माळी जित्या झाडाचीच खुर्ची करायचा. वडाच्या कोवळ्या पारंब्या हव्या तशा वळवायच्या, जिथे एकमेकींवरून जातील तिथे साल जराशी खरवडायची आणि बांधून ठेवायच्या. वर्षा-दोन वर्षांत दोघी एकजीव. चार पारंब्या जमिनीत उतरल्या की झाले चार पाय. ना खिळा, ना करवत.

बांधायला तो बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या घ्यायचा. धुरपा कुरकुरायची. गावाला बसायला खुर्च्या झाल्या, मला मात्र नेसायला धड लुगडं उरलं नाही, म्हणायची. म्हाळू हसायचा आणि आणखी एक पदर फाडायचा.

ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजाला गावोगाव हिंडून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची हौस. त्यानं सांगून पाठवलं, नदीकाठच्या वडावर माझ्यासाठी एक खुर्ची पिकव, तिसऱ्या दसऱ्याला मी बसायला येईन. निरोप घेऊन आलेल्या कारभाऱ्यानं चांदीच्या तारेचं भेंडोळं म्हाळूच्या हातात ठेवलं.

"महाराजांनी दिलीय," तो म्हणाला. "त्यांची खुर्ची चिंध्यांनी बांधशील तर खबरदार."

म्हाळूची छाती फुगली. धुरपालाही बरं वाटलं, तिची लुगडी वाचली. चांदीच्या तारेनं पारंब्या अशा घट्ट बसल्या की वारा आला तरी हलेनात. परगावची माणसं बघायला यायची. म्हाळू रोज सकाळी फडक्यानं तार लख्ख पुसायचा. झाडाकडे बघायचं तेवढं राहून जायचं.

तिसरा दसरा आठ दिवसांवर आला. धुरपा पाण्याला निघाली होती, ती वडाखाली थबकली. तारेच्या वरच्या बाजूला पारंबी गळवासारखी फुगली होती. खालच्या बाजूला सुकून करंगळीएवढी झाली होती. मधे तार सालीत पार रुतून बसलेली. तिनं म्हाळूला हाक मारली.

"अहो, माझी चिंधी एक-दोन पावसाळ्यांत कुजून आपोआप गळून पडायची. तुमची चांदी कधी कुजायची?"

म्हाळूनं वाकून पाहिलं. पारंबी जाड व्हायला लागते तेव्हा बंधन सुटावं लागतं. इतकी वर्षं चिंधी ते काम गुपचूप करत होती आणि ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तार तोडावी तर राजाची भेट तोडली असं व्हायचं. शिवाय पाठीकडच्या पारंब्यांची साल तारेखाली मेली होती, त्या जुळल्याच नव्हत्या. तार सुटली की पाठ सुटणार. न तोडावी तर दसऱ्याला राजा मजेत बसला असता, खूश होऊन इनाम देऊन गेला असता, आणि उन्हाळ्यात पारंब्या वाळल्या असत्या तर लोकांनी उन्हाला बोल लावला असता. दोन दिवस म्हाळू वडाभोवती घिरट्या घालत राहिला. तिसऱ्या दिवशी तो पक्कड घेऊन गेला आणि एकेक वेढा तोडत सुटला.

दसऱ्याला राजा वाजतगाजत आला. बघतो तर चार पाय, एक बैठक आणि मागे नुसत्या लोंबणाऱ्या पारंब्या. कारभारी लालबुंद झाला. राजानं विचारलं, माझी तार कुठाय? म्हाळूनं तारेचे तुकडे त्याच्या पायाशी ठेवले आणि आधी स्वतःची चूक सांगितली, मग झाडाचं दुखणं.

बोलता बोलता त्याची नजर राजाच्या हातावर गेली. बोटात एक अंगठी होती. राजा गादीवर बसला तेव्हाची, म्हणजे तो सडपातळ होता तेव्हाची. आता ती मांसात रुतली होती आणि बोट वांग्यासारखं जांभळं झालं होतं.

"महाराज, बोट दुखतं का?"

"फार दुखतं रे. पण मानाची अंगठी, तोडायची कशी?"

"झाड बोलत नाही महाराज. नाहीतर त्यानंही हेच सांगितलं असतं."

राजा आपल्या बोटाकडे बघत राहिला, आणि मग पोट धरून हसायला लागला. तिथल्या तिथं सोनार बोलावून त्यानं अंगठी कापून घेतली. कित्येक वर्षांनी त्याला मूठ मिटता आली. त्यानं चार-पाच वेळा ती नुसतीच मिटून पाहिली.

राजधानीत गेल्यावर त्यानं धुरपाला बारा कोरी लुगडी पाठवली. सोबत निरोप होता: आधी हौसेनं नेसा, जुनी झाली की माझ्या खुर्चीला बांधा.

खुर्चीला पुढे चार पावसाळे लागले. तीनच लागायचे, पण पहिलं लुगडं फाडायला मागितलं तेव्हा धुरपा म्हणाली, अजून नवंच आहे.

तात्पर्य: वाढत्या जिवाला वळण जरूर लावावं, पण तो वाढेल तसं बंधन सैल करत जावं, सोडायचं विसरलं तर चांदीचं बंधनही रुततंच.