आडवं होऊन पाहिलेलं गाव

एकदा एका डोंगरगावाने आपल्या वेशीवर कमान उभारायचं ठरवलं. दगड घडवून तयार होता, सागाच्या तुळया कापून देवळामागे रचल्या होत्या. आता राहिली होती ती फक्त फाल्गुनातली फेरी.

त्या गावाची रीत अशी होती, की होळी झाली म्हणजे गावकीची माणसं ढोल लावून साऱ्या गावातून फिरत आणि गावाच्या सोयींची वर्षाची पाहणी करत. नुसतं बघून पुढे जायचं नाही, वापरून बघायचं, असा जुन्यांचा दंडक होता. विहिरीवर गेले की प्रत्येकाने ओंजळभर पाणी प्यायचं. शाळेत गेले की गुडघे पोटाशी घेऊन मुलांच्या बाकावर बसायचं. मग सरपंच मोठ्याने विचारत, "बरं आहे का?" आणि मागून आलेला सारा गाव एका सुरात म्हणे, "बरं आहे!" ढोलावर टिपरी पडे आणि फेरी पुढे सरके. शेवटी देवळासमोर गावातले सर्वांत वडील गृहस्थ नारळ फोडत. नारळ फुटला की पाहणी पुरी झाली. मग गावाने त्या वर्षी आपल्या मेहनतीने कोणतं एक काम उभं करायचं, ते पक्कं होई. नारळ फुटल्याशिवाय कुणी कुदळ उचलत नसे.

हे वडील गृहस्थ म्हणजे नाना. देवळाच्या पडवीत ते राहत आणि संध्याकाळी येतील त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत. त्यांच्याकडे येणाऱ्यांत सोनबा नावाचा एक तरुण होता. त्याने शाळा लवकर सोडली होती. डोकं तापट, हात त्याहून तापट. त्याची थोरली बहीण सगुणा त्याला म्हणाली होती, "शाळा सोडलीस ती सोडलीस, निदान नानांच्या पायाशी तरी बसत जा." आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलं होतं, म्हणून तो बसू लागला.

मागच्या श्रावणात सगुणा आजारी पडली आणि गेली.

दवाखाना ओढ्याच्या पलीकडे होता. गावातून त्याचं पांढरं छप्पर दिसे. उन्हाळ्यात माणूस कोरड्या वाळूतून बोलत बोलत पलीकडे पोहोचे. पावसाळ्यात मात्र ओढा कुणाला पाय टाकू देत नसे. मग डोंगराच्या अंगाने वर खिंडीपर्यंत चढायचं, तिथे कातळावरून ओढा ओलांडायचा आणि पलीकडच्या उतारानं खाली यायचं. सगुणाला त्या वाटेने डोलीतून नेलं होतं. दवाखान्याचं छप्पर सगळ्यांना दिसलं, तिला दिसलं नाही; वाटेतच ती गेली.

तेव्हापासून सोनबा जेवायला बसला की सवयीने दोन ताटं मांडी. मग एक उचलून परत फळीवर ठेवी. त्याचं मागणं एकच होतं, कमानीऐवजी ओढ्यावर साकव, म्हणजे लहानसा पूल, बांधा. तो गावकीसमोर दोनदा बोलला आणि दोन्ही वेळा शब्द सुचेनासे होऊन हमरीतुमरीवर आला. सरपंच वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "पोरा, तुझं दुःख आम्हाला कळतं. पण दर फेरीत ओढा बरा निघालाय."

आणि ते खोटं नव्हतं. फाल्गुनात ओढ्यात पाणीच नसे.

त्या वर्षीची फेरीही थाटात निघाली. विहीर बरी निघाली. शाळा बरी निघाली. शाळेच्या बाकावरून सरपंचांना उठवायला दोघे लागले, तेव्हा बायका पदराआड हसल्या. मग मंडळी ओढ्यात उतरली. कोरड्या वाळूतून चार पावलं चालून सरपंचांनी विचारलं, "ओढ्याची वाट बरी आहे का?"

"बरी आहे!" गाव म्हणाला.

सोनबाच्या कानात तो सूर शिरला आणि पुढचं त्याला कळलं नाही. त्याने ढोलवाल्या म्हादूकाकांच्या हातातली टिपरी हिसकावली आणि ढोलाच्या पानात आरपार घुसवली. चामडं फाटल्याचा आवाज झाला.

म्हादूकाका फाटक्या ढोलाकडे बघत राहिले. कुणीतरी सोनबाची मानगूट धरली. असल्याला गावात ठेवू नये, असंही एक जण म्हणाला. सरपंचांनी नानांकडे पाहिलं.

नाना म्हणाले, "ढोल त्याने मढवून द्यायचा. पण आधी फेरी पुरी करू. चला देवळाकडे."

देवळासमोर सरपंचांनी नारळ त्यांच्या हातात दिला. नानांनी तो कानाशी धरून हलवला आणि आपल्या झोळीत टाकून दिला. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"नाना, नारळ?" सरपंच म्हणाले.

"एक वस्तू पाहायची राहिली," नाना म्हणाले आणि त्यांनी बोट वर केलं.

मंडपाच्या आढ्याला गावाची डोली टांगलेली होती. लांब जाड बांबू आणि त्याला बांधलेलं खादीचं दुहेरी कापड. दरवर्षी मंडळी खालून मान वर करून तिच्याकडे बघत आणि बरी आहे म्हणत.

"विहीर आपण पाणी पिऊन पाहतो," नाना म्हणाले. "शाळा बाकावर बसून पाहतो. या डोलीत बसून पाहणी कोणी केली? दंडक सगळ्या वस्तूंना सारखाच. सरपंच, तुम्ही आडवे व्हा. गावकीची माणसं खांदा देतील. सोनबा पुढे राहील, त्याला वाट ठाऊक आहे. सगुणा श्रावणात गेली, म्हणून श्रावणातली वाट धरायची. दवाखान्यात पोहोचलो की नारळ फोडतो."

सोनबाला हे मुळीच आवडलं नाही. त्याला वाटलं, आपल्या बहिणीच्या मरणाचा नानांनी तमाशा मांडला. तसं बोलून टाकायचं त्याच्या अगदी तोंडावर आलं होतं. पण डोली खाली उतरवल्यावर नानांनी त्याच्या खांद्यावर बांबूचं टोक ठेवलं आणि तिथेच हात ठेवून ते क्षणभर उभे राहिले. सोनबाने बांबू नीट धरला.

सरपंच आडवे झाले तेव्हा हशा पिकला. कुणी विचारलं, होळीच्या पोळ्या एकट्यानेच संपवल्या काय. कुणी बांबूची कीव केली. सरपंचही आतून हसत म्हणाले, "हळू चाला रे, झोप लागली तर लागू दे." पहिल्या चढणीपर्यंत हे चाललं.

चढणीला डोली तिरपी झाली. सरपंचांचं डोकं खाली आणि पाय वर गेले. त्यांनी फिरवून घ्यायला सांगितलं, पण वाट इतकी अरुंद होती, की फिरवायला जागा नव्हती. एका बाजूने कातळ खांद्याला घासत होता. दुसऱ्या बाजूला काय होतं, ते त्यांना दिसत नव्हतं, फक्त खांदा देणाऱ्यांचे पाय घसरल्यावर खडे खाली जाताना ऐकू येत आणि ते खडे फार वेळाने थांबत. त्यांना दिसत होती ती कापडाची कड, आभाळाची एक पट्टी आणि पुढच्या माणसाची घामाने भिजलेली पाठ. चालत्या माणसाला वाट दिसते, तशी त्यांना दिसत नव्हती. उठून बसावं म्हटलं तर डोली कलंडे. कापड दोन्ही बाजूंनी अंगाला आवळत होतं.

"अजून किती?" त्यांनी विचारलं.

"आलंच," मागचा एक जण म्हणाला.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सरपंचांच्या आवाजातलं हसू गेलेलं होतं. उत्तर देणाऱ्याच्या आवाजावरून त्यांना कळलं, की हा खोटं बोलतोय, आणि आपण विचारतोय म्हणून बोलतोय.

'अजून किती' हे दोन शब्द सोनबाने सगुणाला नेलं त्या दिवसानंतर ऐकले नव्हते.

खिंडीत पोहोचायच्या आधी एक जांभळीचं झाड आहे. तिथे आल्यावर सोनबाचे पाय थांबले. त्याने डोली हळूच खाली टेकवली. मागची माणसं धापा टाकत होती.

"का रे थांबलात?" सरपंचांनी आतून विचारलं. "आलो का?"

"नाही," सोनबा म्हणाला. तो झाडाकडे बघत होता. "अक्का सारखी विचारायची, अजून किती रे सोनू. मी म्हणायचो, आलंच. पार इथपर्यंत मी तेच म्हणत होतो. इथे ती म्हणाली, आता नको सांगूस, खाली ठेव मला."

हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आपण शेवटपर्यंत बहिणीशी खोटं बोललो, एवढंच त्याच्या मनात घर करून बसलं होतं. त्या सलानेच त्याने ढोल फाडला होता.

पाठीमागून काठी टेकत नाना आले. त्यांनी डोलीपाशी उकिडवं बसून, दरवर्षीच्या फेरीत विचारतात तसंच विचारलं, "सरपंच, बरं आहे का?"

मागे जमलेल्या गावातून सवयीने कुणाच्या तरी तोंडून 'बरं' एवढंच निघालं आणि तिथेच विरलं. पुढे कुणी सूर धरला नाही. त्या गावात असं कधी झालं नव्हतं.

डोलीतून उत्तर आलं. "बरं नाही, नाना."

नानांनी हात दिला तेव्हा सरपंच उठून बसले. त्यांच्या खांद्यावर कातळाचे ओरखडे होते.

नाना म्हणाले, "यात तुमचा एकट्याचा दोष नाही. पाहणी आपण सगळेच मन लावून करत आलो, पण चालत्या पायांनी करत आलो. प्रश्नही दरवर्षी विचारला, पण जे आपल्या पायांनी फेरीत आले त्यांनाच विचारला. जो अंथरुणावरून उठू शकत नाही त्याचा आवाज आपल्या सुरात मिसळणार कसा? म्हणून म्हटलं, एकदा आडवं होऊन गाव पाहू." मग ते सोनबाकडे वळले. "आणि तू ऐक. तू बहिणीशी खोटं बोलला नाहीस. जे गावाने खरं करून ठेवायला हवं होतं, ते तू तिला सांगत होतास. खोटं पडलं ते गाव."

सोनबा मटकन खाली बसला आणि मोठ्याने रडला. श्रावणानंतर पहिल्यांदाच रडला. सरपंच त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले.

पुढे दवाखान्यापर्यंत सरपंच चालत गेले नाहीत. त्यांनी हट्टाने पुन्हा डोलीत अंग टाकलं. फेरी अर्धी सोडायची नाही, म्हणाले. पोहोचल्यावर त्यांनीच नारळाची आठवण करून दिली. नाना म्हणाले, "आता इथे नाही. साकवावरून ही डोली जाईल त्या दिवशी."

दुसऱ्या सकाळी कमानीच्या तुळया देवळामागून हलल्या. नारळ फुटल्याशिवाय कुदळ न उचलणाऱ्या त्या गावाने, नारळ झोळीत असताना, ओढ्याच्या दोन्ही काठांवर पाया खणला. जो दगड वेशीत मिरवायचा होता तो खांबांना लागला. सरपंच डोक्यावर पदरासारखं उपरणं घेऊन वाळू वाहत होते. सोनबा दिवसा साकवावर राबे आणि संध्याकाळी म्हादूकाकांच्या अंगणात बसून ढोल मढवी. म्हादूकाका त्याला शिव्या देत शिकवत. एका संध्याकाळी ते म्हणाले, "फाडायला एक क्षण लागला होता, नाही का रे?" आणि त्यांनी त्याच्यापुढे भाकरी सरकवली.

आषाढात ओढा भरून आला. पाणी साकवाच्या खालून गेलं.

श्रावणात एक दिवस कुंभारवाड्यातल्या गोदाला कळा सुरू झाल्या. सोनबा धावत देवळात गेला, डोली उतरवली आणि पुढचा बांबू आपल्या खांद्यावर घेतला. साकवावर पाय ठेवला तेव्हा खाली ओढा गर्जत होता आणि तुळया हलत नव्हत्या. डोलीतून गोदाने दातावर दात दाबून विचारलं, "अजून किती रे दादा?"

सोनबाच्या ओठांशी तोच शब्द आला. तो बोलायला त्याला भीती वाटली. मग त्याने समोर पाहिलं. दवाखान्याची पायरी आली होती.

"आलंच," तो म्हणाला.

दुपारी आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. अलीकडच्या काठावर सारा गाव छत्र्या आणि घोंगड्या घेऊन उभा होता. म्हादूकाकांनी नव्या पानावर टिपरी मारली तशी माणसं साकवावर धावली. नानांनी झोळीतून नारळ काढून साकवाच्या मधोमध फोडला. इतक्या महिन्यांत त्यातलं पाणी आटून गेलं होतं आणि आत गोड खोबरं झालं होतं. सगळ्यांना एकेक तुकडा मिळाला.

गावाला कमान अजूनही नाही. पण दर फाल्गुनात फेरी निघते तेव्हा ज्याला गाव सगळ्यात बरं वाटतं त्याला डोलीत निजवतात, श्रावणातल्या वाटेने नेतात आणि त्याचं उत्तर येईपर्यंत कुणी सूर धरत नाही. सोनबा पुढच्या बांबूला असतो. जांभळीशी आला की तो थोडा थांबतो, एक हात झाडाला लावतो आणि मग चालू लागतो.