गोजराबाईने घेतलेले नाव

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला माणसांची नावे लक्षात ठेवायचा भारी कंटाळा. प्रधानाला तो 'अरे तू' म्हणे, सेनापतीला 'तू पलीकडचा'. एकदा दरबारात धूम्रकेश जादूगार आला. भालदाराने त्याच्या नावाची ललकारी द्यायला हात वर करून तोंड उघडले, तोच राजा म्हणाला, "बस रे दाढीवाल्या, कुठेही."

धूम्रकेशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने एक फुंकर घातली. राज्यातल्या प्रत्येक जिभेने आजवर जी जी नावे उच्चारली होती, माणसांची काय नि वस्तूंची काय, ती सारी सुटली आणि त्याच्या तीन गाडग्यांत जाऊन बसली. नाव घ्यायला तोंड उघडलेल्या भालदाराचा, होता तसाच, दगड झाला. जाताना जादूगाराने तो उचलून नेला. गुहेबाहेर पंचे वाळत घालायला त्याला काहीतरी हवेच होते.

मग काय विचारता! राजा ओरडे, "ते आणा! बसायचं!" चाकर घोडा आणीत. "हे नव्हे! न पळणारं!" चाकर म्हातारा घोडा आणीत.

अडले नाही ते एकट्या गोजराबाईचे. ही त्या भालदाराची बायको. लग्नात सासरच्या बायकांनी उंबऱ्यावर अडवून 'नाव घे, नाव घे' केले, तेव्हा ही मागच्या खिडकीतून घरात शिरली होती. पुढे तीस वर्षे तिचा संसार 'अहो', 'हे' आणि 'इकडून' यांवर चालला. सर्वनामांना धूम्रकेशाने हातही लावला नव्हता. पण नवरा नाही म्हटल्यावर तिला घर खायला उठले.

दरबारात एक राघू होता, साहेबाच्या देशात शिकून आलेला. पक्ष्याला मंत्र बाधला नव्हता. तो गोजराबाईला म्हणाला, "तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की भालदार कायमचा दगड. प्रत्येक गाडग्यातले एकेक नाव माणसाच्या तोंडून निघाले, तर गाडगी फुटतील."

राघूला खांद्यावर घेऊन ती निघाली. वाटेत त्याने धडा दिला. "पहिल्या गाडग्यात सामान्यनामे. एकच नाव, जातीतल्या साऱ्यांना. दुसऱ्यात भाववाचक. ती दिसत नाहीत, हाती लागत नाहीत. तिसऱ्यात विशेषनामे, ज्याची त्याला. साहेब त्यांचे पहिले अक्षर मोठे काढतो."

"का?"

"मान म्हणून."

हे मात्र तिला पटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुहा आली. धूम्रकेश गाडग्यांना टेकून बसला होता. नावे त्याच्या जिभेवर शाबूत होती, म्हणून तो फार जपून बोले.

"का आलीस?"

"ते द्या ना."

"काय ते?"

"ते हो, लांब, पुढे खोलगट. ते उकळतं ना, त्यात ते बुडवायचं आणि यांना वाढायचं."

"नीट सांग."

"नीटच सांगते. तिथं टांगलंय. ते नव्हे, शेजारचं. अहो, ते चपटं, ते नव्हे!"

"पळी!" धूम्रकेश किंचाळला. "पळी म्हणतात त्याला!"

फट्! पहिले गाडगे फुटले.

तेवढ्यात गोजराबाईची नजर दारातल्या दगडाकडे गेली. नवऱ्याच्या वर केलेल्या हातावर ओला पंचा. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"हे घरी असले की नकोसे होतात. मोठ्यानं बोलतात, ताटात भात टाकतात. आणि परवा मी दोन ताटं वाढून बसले. घास उतरेना. इथं, छातीत, हे काय होतं हो? तीस वर्षं होतंय वाटतं. याला म्हणतात तरी काय?"

यात तिचा कसलाही डाव नव्हता. धूम्रकेशाला जगात कोणी नव्हते. त्याच्या तोंडून हळूच निघाले, "माया."

फट्!

भानावर येताच त्याने पंचा ओढला आणि आपल्याच तोंडात कोंबला. आता तो बोलणार नव्हता. सूर्य डोंगराला टेकला. दगडाच्या डोळ्यांतली चमक विझू लागली.

राघू म्हणाला, "तुझ्या जिभेवर जे कधी आलेच नाही, ते त्याला ओढता आले नाही. राज्यात एक विशेषनाम शिल्लक आहे, गोजराबाई. ते तुझ्यापाशी."

"इश्श! नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं."

"न घेतलेस तर ते आत्ताच संपते."

तिने गुहेच्या भिंतीकडे तोंड केले, डोळे मिटले.

"तीस वर्षं गिळलं नाव, आता नाही गिळत,
हैबतराव, घरी चला, भाकरी चालली जळत!"

तिसरे गाडगे फुटले. दगडाला घाम सुटला आणि अर्धवट राहिलेली ललकारी पूर्ण झाली, "मांत्रिकशिरोमणी धूम्रकेश येत आहेत हो!" जादूगाराने तोंडातला पंचा काढून डोळे पुसले आणि शाप मागे घेतला.

राजा घोड्यावरून उतरून सिंहासनावर बसला. रोज सकाळी राघू त्याच्याकडून साऱ्या दरबाराची नावे घोकून घेऊ लागला.

आणि घरी गोजराबाईने पाने वाढली.

"अहो!"

अंगणातून उत्तर नाही.

"अहो, ऐकलं का?"

भालदार खाटेवर बसलेला, पोटात कावळे ओरडताहेत, तरी जागचा हलेना.

तिने दार लोटले, पदर तोंडाला लावला आणि भिंतीलाही ऐकू जाणार नाही अशी हाक मारली. तो धावत आत आला.

त्याला जशी हाक मिळाली, तशी ऐकणाऱ्या साऱ्यांना मिळो.