शेंदराखालची रेघ

एकदा एका वृद्ध आचार्यांनी भर यात्रेत देव खरवडायला घेतला. हातात खुरपे, आणि पुढ्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने गुटगुटीत झालेला राखणदेव! टेकडीच्या उतारावरचा हा देव नदीच्या पुरापासून गाव राखतो, अशी सर्वांची श्रद्धा. देवाच्या पायाशी घर असणे म्हणजे तर परमभाग्य. म्हणून देवापासून खाली थेट नदीपर्यंत नवी वस्ती उतरत गेली होती.

आचार्यांचा शिष्य त्यांना आवरायला पुढे झाला. त्याची धाकटी बहीण सगुणा याच गावात दिलेली, आणि यात्रा उरकली की देवाच्या पायाशी तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती.

"गुरुजी, हे काय मांडलंत? लोक जीव घेतील!"

"घेऊ देत. तू पाणी ओत."

शेंदराच्या खपल्या गळून पडल्या. आत ना डोळे, ना नाक. साधा उभा दगड, त्यावर एक आडवी रेघ, आणि रेघेखाली जुन्या वळणाची अक्षरे : 'पाणी इथवर आले. याच्या खाली चूल मांडू नये.'

वाचून लोकांनी घरची वाट धरायला हवी होती, बोचकी बांधायला हवी होती. पण शहाणपण इतके सहज मिळते, तर आणखी काय हवे होते! "देव नागवा केला ह्या थेरड्यानं!" गुरव किंचाळला, आणि पहिला धोंडा आचार्यांच्या कपाळावर बसला.

शिष्य धावला तो बहिणीकडे. सगुणा नव्या चुलीला पोतेरे देत होती.

"दादा, तुझ्या गुरूंना वेड लागलंय," ती म्हणाली. "आजवर पाणी आलंय का कधी? दार उघडलं की देव दिसतो मला. असं घर सोडून कुठं जाऊ, रानात?"

शिष्याने हात जोडले, पाया पडला. तिने त्याला गूळ-पाणी दिले आणि वास्तुशांतीला राहायचा आग्रह केला.

वेशीबाहेर कपाळाचे रक्त पुसत आचार्य म्हणाले, "बाळ, मी पुष्कळ देश हिंडलो. कुठे समुद्र गावात शिरला होता, कुठे डोंगर घरांवर बसला होता, कुठे माणसाने बांधलेला बांध फुटला होता. प्रत्येक ठिकाणी मेलेल्यांपैकी कोणीतरी जिवंतांना सांगून ठेवलेले होते. सांगणे कोणी पुसले नाही रे. पुसले असते तर निदान चोरी कळली असती. लोकांनी त्याची पूजा केली."

त्याच पावसाळ्यात, भर दुपारी, नदी चढली. रेघेपाशी पोचली आणि तिथेच थांबली. रेघेखाली काही उरले नाही. सगुणाही नाही.

आणि वरच्या आळीतली वाचलेली माणसे काय म्हणाली? "बघा, देवानं पाणी अडवलं!" चिखल वाळायच्या आत नव्या शेंदराचा थर चढला, रेघ पुन्हा दिसेनाशी झाली.

तेव्हा आचार्यांनी शेजारी दुसरा दगड उभा केला. शिष्याने छिन्नी घेतली, तीच रेघ कोरली, तेच शब्द कोरले. काम संपले तसा त्याचा बांध फुटला. "माझं ऐकलं असतंस गं, सगुणे!" तो हमसून हमसून रडला आणि कडेच्या कण्हेरीचे एक फूल तोडून त्याने दगडापाशी ठेवले.

आचार्यांनी त्याचे मनगट धरले. त्यांचेही डोळे भरले होते.

"रड, बाळ. पण फूल वाहू नकोस. त्या दगडावर पहिले फूल असेच कुणा भावाने वाहिले असेल."

शिष्याने फूल उचलले, उतार उतरून खाली गेला, आणि जिथे सगुणाची चूल होती तिथल्या चिखलावर ते ठेवले.