हरल्याची नोंद

एकदा एक वृद्ध आचार्य भर सभेत निरुत्तर झाले. असेतसे आचार्य नव्हेत हो. जुन्या पोथ्या संगणकाला वाचायला शिकवण्यात त्यांची हयात गेलेली. दोन निनावी पोथ्यांची भाषा त्यांनी संगणकाकडून ताडून घेतली आणि दोन्ही एकाच कवीच्या आहेत, असा निर्वाळा परिसंवादात दिला. टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतून सुलभा हिंगमिरे नावाच्या, तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या बाई उठल्या.

"सर, या दोन्ही पोथ्यांची नक्कल एकाच माणसाने केली असेल तर? मग संगणकाला सापडला तो कवी, की नक्कल करणारा?"

आचार्यांनी तोंड उघडले, मिटले. अखेर ते म्हणाले, "हे मी तपासलेलं नाही," आणि खाली बसले.

चर्चेचे ध्वनिमुद्रण जतन करण्याचे काम त्यांच्या शिष्याकडे होते. ज्यांनी आपल्याला हाताला धरून पोथी वाचायला शिकवली, त्यांची फजिती जगाने पुन्हापुन्हा ऐकावी? छे! संध्याकाळी त्याने तेवढा भाग कायमचा पुसला आणि इतिवृत्तात लिहिले : 'त्यानंतर खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा पार पडली.' या एका वाक्याने आपल्याकडे किती भांडणांवर पांघरूण घातले असेल, देव जाणे!

दुसऱ्या दिवशी समारोपाआधी आचार्यांनी इतिवृत्त मागवले. वाचता वाचता ते थबकले.

"खेळीमेळीच्या? अरे, मला दरदरून घाम फुटला होता! लाव ते ध्वनिमुद्रण."

शिष्य म्हणाला, "सर, ते... नाही."

"नाही म्हणजे?"

"मी पुसलं. तुमच्यासाठी पुसलं, सर."

आचार्यांचा चेहरा लालबुंद झाला. आता 'चालता हो' म्हणणार, अशी शिष्याची खात्री झाली. पण ते एवढेच म्हणाले, "त्या बाई कुठे आहेत?"

"एसटी स्टँडवर गेल्या असतील."

"मग उभा काय राहिलास? धाव!"

शिष्य जिवाच्या आकांताने धावला. गाडी लागलेली होती, बाईंचा एक पाय पायरीवर होता. गाडी सोडून त्या परत आल्या खऱ्या, पण बहुधा बोलणी खायला बोलावले असावे, अशा धास्तीने.

सभा भरली. आचार्य व्यासपीठावर चढले आणि कालचाच निर्वाळा त्यांनी शब्दशः पुन्हा दिला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. म्हाताऱ्याला भ्रम झाला की काय?

"हिंगमिरेबाई, कालचा प्रश्न विचारा."

"राहू द्या ना, सर."

"विचारा. आणि माझं वय बघून सौम्य करू नका."

बाईंनी विचारला. आचार्य पुन्हा गप्प झाले. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापाशी बसलेल्या शिष्याला ती शांतता सोसवेना. त्याचे डोळे भरून आले. "हे मी तपासलेलं नाही," आचार्य सावकाश म्हणाले, "माझा निष्कर्ष अजून पक्का नाही."

सभा संपल्यावर शिष्याने विचारले, "सर, एकदा झालेली शोभा पुन्हा कशाला करून घेतलीत?"

"माझा निबंध छापला जाईलच. उद्या त्याच्यावर कुणी भाबडेपणाने दुसरा मजला चढवेल. पाया कुठे भुसभुशीत आहे ते बाईंनी दाखवलं, आणि तू नेमका तिथेच गिलावा केलास! निष्कर्ष पुस्तकात राहतात रे. त्यांना अडवणारे प्रश्न सभेबरोबर उठून जातात. माझी लाज राखायला निघालास आणि बाईंचं शहाणपण पुसलंस. ते तुझं होतं का पुसायला?"

शिष्य इतिवृत्त नव्याने लिहायला बसला. 'सुलभा हिंगमिरे यांनी प्रश्न विचारला. आचार्य निरुत्तर झाले.' मग कुणीही न सांगता त्याने आणखी एक ओळ लिहिली, 'आदल्या दिवशीचे मूळ ध्वनिमुद्रण मी पुसले,' आणि तिच्यापुढे आपले पूर्ण नाव घातले.